पिशवीतून काढलेली सुरी

तुम्ही दोघांनी मिळून मला दोन प्रश्न विचारलेत. पहिला असा की बाबाची डायव्हिंगची जी पिशवी माझ्याकडे मुळशीला आहे, तिच्यातलं काय अंदमानला नेण्याजोगं आहे आणि काय इथेच ठेवावं. दुसरा धाकट्याने अगदी शेवटी, एका ओळीत टाकलाय: बाबाने डायव्हिंग का सोडलं? पहिल्याचं उत्तर मला पाठ आहे. दुसऱ्याला तीन आठवडे लागले, कारण ते तुम्हाला लिहिण्याआधी इथल्या एका बाईला सांगणं भाग होतं.

मुद्दाम मराठीत लिहिते आहे. मी आयुष्यभर ऑफिसची इंग्रजी पत्रं लिहिली. कोणाच्या अंगावर काही येणार नाही अशी पत्रं लिहायला मला फार चांगलं जमतं, आणि इथे मला तसं लिहायचं नाही. सावकाश वाचा. अडलं तर एकमेकांना विचारा, बाबाला नको.

आधी पिशवी. ती रिकामी असतानाच साडेतीन किलोची आहे. देशातल्या विमानात पंधरा किलो सामान चालतं, म्हणजे चाकं आणि चेन यांनीच जवळजवळ चौथा हिस्सा खाल्ला. ती नेऊ नका. साधी, मऊ, बिनचाकाची पिशवी घ्या. मास्क मात्र ज्याचा त्याने न्यायचा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास ओढायचा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. थोरलीला बाबाचा बसेल, तिचं नाक त्याचंच आहे. धाकट्याने नवा घ्यावा. बाबाच्या पायांत घालायच्या फिन्स लांब आहेत, तिरप्या घातल्याशिवाय कुठल्याच पिशवीत मावत नाहीत. त्या तिथे भाड्याने मिळतात. अंगात घालायचा रबरी वेटसूट तीन मिलिमीटर जाडीचा आहे, अंदमानच्या पाण्याला तेवढा पुरतो, पण काखेत चिकटायला लागलाय. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात आणून सोडणारं यंत्र, चार वर्षांत कोणी उघडलेला नाही. आतलं रबर सुकलं असणार. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय तो तोंडात धरायचा नाही, वरून कितीही चकचकीत दिसला तरी. मनगटावरच्या, खोली आणि वेळ दाखवणाऱ्या कॉम्प्युटरची बॅटरी बदला आणि तो हातातल्या सामानात ठेवा. सिलिंडर आणि शिशाची वजनं कोणीच बरोबर नेत नाही. जिथे जाल तिथे मिळतात.

सुरी पिशवीत नाही. ती मी काढली होती, आणि त्यात एक माणूस गेला. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

बाबा डायव्हिंग शिकला तिकडे तुमच्या परदेशात, पण त्याची ही पिशवी भरली जायची माझ्या जेवणाच्या टेबलावर. तुम्हाला आठवत असेल, दर डिसेंबरात तो तुमच्या आधी एकटाच यायचा. चार दिवस माझ्याकडे, मग आठवडाभर अंदमान, आणि तो परत येईतो तुमची सुट्टी लागून तुम्ही आईबरोबर हजर. दर वेळी तिकडून सामान वाहून आणायचा कंटाळा, म्हणून जुना संच त्याने इथेच ठेवला. वर्षभर तो सांभाळायचं काम माझं. मला ते काम आवडायचं. तुमचे आजोबा गेल्यावर या घरात व्यवस्थित ठेवायला फारसं काही उरलं नव्हतं. बाबा परत गेला की मी एकेक वस्तू गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची, सावलीत वाळवायची, वेटसूट रुंद हँगरला लावायची. एक यादी करून झाकणाच्या आतल्या खिशात ठेवली होती. वस्तू, वजन, जागा. प्रत्येक वस्तू ताणकाट्याला अडकवून मी स्वतः तोललेली.

"आई, तू भरलीस ना? मग मी बघत नाही," असं बाबा म्हणायचा. मला ते फार गोड लागायचं. ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी यादी दर वर्षी आणखी बारीक करत गेले.

ती सुरी वीतभर लांब, टोकाला बोथट, एका अंगाला करवतीसारखे दाते. कमरेला बांधायचा एक छोटा पाउच होता, त्यात शिट्टीबरोबर ती राहायची आणि पाउचला बाहेरून टॉर्च लटकवलेला असायचा. एका वर्षी घाईत हा पाउच हातातल्या सामानात गेला. विमानतळावर बाबाला बाजूला उभं केलं, प्रश्न विचारले, परत पाठवून सुरी मोठ्या सामानात टाकायला लावली. विमान चुकता चुकता राहिलं. त्याने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, कारण यादी माझी होती. तो परत आल्यावर मी सामान धुतलं, वाळवलं, आणि सुरी पाउचमध्ये परत ठेवली नाही. अंदमानात तो गटाबरोबर उतरतो, पुढे मागे शिकलेली माणसं असतात, तिथे सुरीचं काय काम, असा मी विचार केला.

दुसरं कारणही सांगते, ते जास्त खरं आहे. चांगल्या पोलादाची सुरी वर्षभर अंधारात पडून राहते हे मला बघवत नव्हतं. आपल्या घरात वस्तू नुसती ठेवून देत नाहीत, ती वापरतात. मे महिन्यात फणस आला. सुरीचे दाते फणसाच्या सालीत असे शिरले की वाटलं, ही याच्यासाठीच केलेली आहे. चीक लागू नये म्हणून खोबरेल लावायचं, कापून झालं की पुसायचं आणि ओट्याखालच्या दुसऱ्या खणात टाकायचं. यादीत मी त्याच दिवशी दुरुस्ती केली: सुरी, स्वयंपाकघर, ओट्याखाली, खण दुसरा. लिहून झालं की माझं काम संपलं, अशी माझी समजूत होती.

आता पाण्याचं. आपल्या घरी पाणी धरणाच्या फुगवट्यातून येतं हे तुम्हाला माहीत आहे. खाली काठावर मोटार, तिथून पाण्यात सोडलेला पाइप, आणि पाइपच्या टोकाला जाळीचं तोंड, त्याला फूटव्हॉल्व्ह म्हणतात. त्या जाळीत शेवाळ, प्लॅस्टिक, काहीबाही अडकलं की मोटार नुसती घुमते आणि वरच्या टाकीत थेंब येत नाही. मग कोणीतरी खाली जाऊन ते तोंड मोकळं करायचं. आपल्या बाजूच्या सगळ्या बंगल्यांचं हे काम एकच माणूस करायचा. वरच्या धनगरवाड्यावर राहायचा, चाळिशीचा, बारीक, काळाभोर. शेरडं बायको बघायची आणि हा मिळेल ते काम करायचा. छातीत हवा भरून अडीच पुरुष खोल पाण्यात जायचा आणि मुठीत घाण घेऊन वर यायचा. मला बाई म्हणायचा आणि बाबाला पाणबुडे सायेब. त्याची बायको मात्र बाबाला दादा म्हणायची.

त्या दिवशी सकाळी टाकीत पाणी नव्हतं. मी त्याला फोन केला. बाबा दुसऱ्या दिवशी निघायचा होता, त्यामुळे पडवीत सगळं सामान मांडून काय न्यायचं, काय ठेवायचं ते चाललं होतं. हा धाकट्या भावाला घेऊन आला आणि सामानाभोवती फिरून बघायला लागला.

"सायेब, ही काय जत्रा मांडली म्हनायची?"

"उद्या निघालो समुद्रात. हे घालून खाली जायचं."

"आन् हवा कुटं हाय?"

"सिलिंडर तिकडे मिळतो. तो कोणी घेऊन फिरत नाही."

"बघा रं!" तो भावाला म्हणाला. "एवढा नटवलेला गाडा, आन् बैलच न्हाई. आपलं बरं. आपली बाटली आयनंच बसवून धाडलीया." आणि स्वतःच्या छातीवर चापट मारली.

भाऊ म्हणाला, "बाटली बिडीनं भरलीया तुझी."

"म्हून तर वर लवकर येतोय."

सगळे हसलो. मी त्यांना पडवीतच चहा दिला. बाबा म्हणाला, "चल, मीही येतो. वरून टॉर्च मारतो, तुला दिसेल तरी." त्याने मास्क आणि फिन्स उचलल्या आणि टॉर्चसाठी पाउच कमरेला बांधला. पाउच उघडून बघायचं त्याला काही कारण नव्हतं. मी भरलेला होता.

मी त्यांच्या मागून उतरले. मोटार चालू झाली की मला कळावं म्हणून काठावर उभी राहिले. पाणी हिरवं होतं. पहिल्या बुडीत तो शेवाळाचा गोळा घेऊन वर आला. दुसऱ्या बुडीनंतर म्हणाला, "जाळं बसलंय. कुनाचं तरी तुटकं नायलानचं जाळं. पायपाला पार येटोळं घातलंय." भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे, कोयता घिऊन उद्या करू." थोरल्या भावाचा कोयता त्याच्या बायकोकडे होता, ती शेरडांना पाला पाडायला डोंगरावर गेली होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, टाकीत हाय का पानी?"

मी म्हटलं, "थेंब नाही."

"मंग बघतो. हातानं निगतंय का."

तो तिसऱ्यांदा खाली गेला. बाबा त्याच्या वर, तोंड पाण्यात घालून तरंगत होता. थोड्या वेळाने बाबाने एकदम अंग दुमडलं आणि तोही खाली गेला. दोघंही दिसेनात. मग बाबा वर आला, मास्क कपाळावर सरकवलेला, एक हात पाउचमध्ये.

"आई! सुरी! सुरी कुठंय?"

मला लगेच कळलं. यादीतली ओळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. मी ओरडले, "घरात आहे! ओट्याखाली, दुसरा खण!" बाबाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली गेला. भाऊ घराकडे धावत सुटला. मीही निघाले, पण तो चढ तुम्हाला माहीत आहे आणि माझे गुडघेही. अर्ध्यात थांबून मी पुन्हा ओरडले, "दुसरा खण!" त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो आमच्या स्वयंपाकघरात कधी आलेलाच नव्हता. इतकी वर्षं ते दोघे आमच्याकडे येत होते, आणि चहा आम्ही पडवीत द्यायचो. ओटा कुठे आणि खण कुठे, हे त्याला कसं कळावं? संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा सगळे खण उपसून जमिनीवर पालथे केलेले होते. डाव, झारे, किसण्या, सगळं पसरलेलं. मी चढावरच होते तेव्हा तो हातात तीन सुऱ्या घेऊन माझ्या शेजारून खाली धावला. भाजीची, पावाची आणि ती.

सगळ्या गोष्टींची वेळ टिपून ठेवायची मला सवय आहे. या सगळ्याला किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही.

बाबाने जाळं कापून त्याला वर आणला. काठावर निजवून छाती दाबत राहिला, तोंडाने हवा देत राहिला. भाऊ त्याच्या पायांशी बसून नुसता पाय चोळत होता. शेजारच्या बंगल्याची जीप आली, पौडाला नेलं. तिथे डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. बायकोला डोंगरावरून कोणी बोलावून आणलं मला माहीत नाही. ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर कोयता तसाच होता.

पोलिसांना बाबाने सांगितलं की पाणी गढूळ होतं आणि पाय जाळ्यात अडकला. हे खरंच होतं. सुरीचं कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून गप्प राहिले. अंदमान रद्द झालं, तुमचं येणंही रद्द झालं. तुम्हाला तेव्हा आजीला बरं नाही असं सांगितलं होतं. जायच्या आदल्या दिवशी बाबाने पिशवीच्या झाकणातून यादी काढली आणि टेबलाशी बसून वरपासून खालपर्यंत वाचली. नायलॉनने त्याच्या दोन्ही हातांची बोटं कापली होती, कागद त्याला नीट धरता येत नव्हता.

"लिहिलंयस तू," तो म्हणाला.

एवढंच. ओरडला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्याने यादीची घडी घातली आणि होती तिथे ठेवून दिली. त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही आणि इथेही आला नाही. मीच दोनदा तुमच्याकडे येऊन गेले. विमानतळावर तो मला घ्यायला येतो, औषधं आणतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. मुळशीचा विषय निघाला की उठून भांडी विसळायला लागतो. तुमच्या ते लक्षात आलं असणार, म्हणून तर प्रश्न विचारलात.

तुमचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहायला घेतलं. पहिलं पान झालं आणि सुरीशी येऊन हात थांबला. जे मी तिला सांगितलं नाही ते तुम्हाला कळवायचं, हे काही बरोबर दिसेना. ती म्हणजे त्याची बायको. ती रोज शेरडं घेऊन आपल्या फाटकावरून जाते. चार वर्षं मी तिला बघितलं की आत काहीतरी काम आठवायचं.

मग एका दुपारी काठी घेऊन धनगरवाडा चढून गेले. वाटेत चार वेळा बसले. ती अंगणात शेरडाच्या खुरात रुतलेला काटा काढत होती.

"बाई? तुमी? हितवर चालत?"

"तुला काही सांगायचंय."

"बसा की मंग. पानी देऊ का?"

मी पाणी प्यायले आणि सांगितलं. सुरी कुठे असायला हवी होती, मी ती का काढली, कुठे ठेवली. फणसाचंही सांगितलं. ती काटा काढतच होती. माझं झाल्यावर तिने शेरडाचा पाय सोडला.

"हे सांगाया एवढं चढून आलाव?"

"हो."

"मला वाटलं, पायप पुन्हा आडकला का काय." मग म्हणाली, "बाई, समद्यांनी ऐकलं व्हतं. दादा वरडला ते पार पल्याडच्या काठाला गेलं आसंल. माझा दीर तुमच्या घरातनं सुऱ्या घिऊन पळाला, त्याला ठाव न्हाई व्हय? तवापासनं समद्या वाडीला ठाव हाय. तुमीच तेवढ्या सांगत न्हवता."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"म्या कशी बोलू? म्या फाटकाशी आले की तुमी आत."

मग तिने विचारलं, "सुरी आसती तर जगला आसता का?"

"मला माहीत नाही."

"दादाला इचारलं?"

"नाही."

"चार वर्सांत?"

"नाही विचारलं."

"मंग इचारा की. पान्यात त्यो व्हता. तुमी काठावर." ती उठली आणि हात झटकले. "आन् आजून येक. आता तुमचा पायप आडकला तर आमच्यातल्या कुनाला फोन करायचा न्हाई."

"नाही करणार. आता पाइपाचं तोंड पिंपांवर तरंगतं. खाली जावं लागत नाही कोणाला."

"व्हय, बघितली. निळी चार पिंपं. मानूस गेला त्याच्या दुसऱ्या म्हैन्यात लावली." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "आदी न्हाई सुचलं कुनाला?"

"नाही सुचलं," मी म्हटलं. ते लावायला दोन दुपारी लागल्या होत्या. आधी सुचायची गरजच पडली नव्हती, कारण तो होता.

निघताना ती एवढंच म्हणाली, "दादाची बोटं बरी झाली का?"

रविवारी बाबाचा फोन आला. हवा, औषधं, गुडघे झाल्यावर मी त्याला विचारलं. तो उठून गेला नाही.

तो म्हणाला, "आई, मी पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा त्याने माझा हात धरला. घट्ट. मी त्याला खूण केली, थांब, आणि वर आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही धरला. तिसऱ्यांदा नाही धरला."

"म्हणजे सुरी असती तर..."

"पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा असती तर, आई."

पाच नाहीतर दहा सेकंद लागले असते, तो म्हणाला. नायलॉन एका जागीच ताणलेलं होतं. त्याने ते नंतर कापलं ना, म्हणून त्याला माहीत. आणि पुढे म्हणाला की पाउच आपण उघडून बघायला हवा होता, पाण्यात उतरणाऱ्याने आपलं सामान आपण तपासायचं असतं, पहिल्याच धड्यात शिकवतात. चार वर्षं तो स्वतःला हे सांगत होता आणि मी स्वतःला दुसरं. आम्ही दोघंही बरोबरच होतो. त्याने कोणाचंच भलं झालं नाही.

मी त्याला म्हटलं, तिने तुझ्या बोटांची चौकशी केली. त्यावर तो रडायला लागला. तुमचा बाबा शाळेत जायला लागल्यानंतर मी त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं. मी फोन धरून बसले. गप्प राहा असं म्हटलं नाही.

आता ते उत्तर माझ्याजवळ होतं आणि विचारणारी वर वाडीवर. दोन दिवस मी स्वतःला पटवत राहिले की तिला हे कळून काय होणार. तिच्या मनात जर असेल की तो पटकन गेला, त्याला काही कळलं नाही, तर ते मोडायचा मला काय अधिकार? हे मी अगदी मुद्देसूद लिहूनही काढलं, या बाजूचे मुद्दे, त्या बाजूचे मुद्दे. वाचून बघितलं तेव्हा कळलं की मी पुन्हा एक यादीच करते आहे. तिने विचारलं होतं. मला विचारलं होतं.

काल सकाळी पुन्हा चढून गेले. ती शेरडं सोडायच्या बेतात होती, कोयता खांद्यावर. मी बसले नाही. उभ्या उभ्या सांगितलं: सुरी असती तर जगला असता. दादा दोनदा खाली गेला, दोन्ही वेळा त्याने दादाचा हात धरला होता.

ती हलली नाही. शेरडं तिच्या दोन्ही अंगांनी बाहेर पडून उताराला लागली. कुठल्यातरी घरात रेडिओ चालू होता.

"दोन्ही येळंला?" तिने विचारलं.

"दोन्ही वेळा."

"वळीकलं आसंल त्यानं दादाला?"

"ओळखलं असणार. टॉर्च होता."

तिने मान हलवली, ती हो होती की काय ते मला कळलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तशी तिने हात वर केला.

"आज जा, बाई," ती म्हणाली.

मी उतरले. आज सकाळी ती शेरडं घेऊन आली तेव्हा मी फाटकाशी उभी होते, आत गेले नाही. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण शेरडं नेहमीच्याच वाटेने नेली.